वाकड्यात शिरणारा रेणू

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन वर्षांनी एक निरोप नव्याने उगवतो. मार्गारीन (लोण्याऐवजी वापरतात तो कृत्रिम, घट्ट मेद) आणि प्लास्टिक यांच्यात म्हणे फक्त एका रेणूचा फरक आहे, तेव्हा ते खाऊ नका आणि हे दहा जणांना कळवा. यंदाही आला. एरवी मी गप्प बसतो, कारण पुन्हा त्याच मंडळींना तोंड दाखवायचं असतं. पण या वाक्यात जी चूक आहे, ती नेमकी माझ्या आवडत्या जागी आहे.

‘एका रेणूचा फरक’ याला रसायनशास्त्रात काही अर्थच नाही. रेणू हा पदार्थाचा सबंध कण. दोन रेणूंमध्ये फरक असतो तो अणूंचा. बरं, लिहिणाऱ्याला अणू म्हणायचं होतं असं धरून चालू. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू वाढला की हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, केसांचा रंग उडवणारं. म्हणून पाणी प्यायचं कोणी सोडलेलं नाही. शिवाय मेदाचा एक ठरावीक रेणू घेतला तर त्यात ५७ कार्बन आणि ६ ऑक्सिजन असतात. पॉलिथिनच्या, म्हणजे पिशव्यांच्या प्लास्टिकच्या, एका साखळीत कार्बन हजारोंनी आणि ऑक्सिजन एकही नाही. मार्गारीनचं पेटंट १८६९चं, पॉलिथिन हाती लागलं १९३३ मध्ये. नातं जोडायचंच तर एवढंच, की दोन्ही कार्बनच्या लांब साखळ्या आहेत. पण मग तुम्हीआम्हीही त्याच गोतावळ्यातले.

साखळी जमते कशी, हे शाळेत झालेलं आहे. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, म्हणून चार हात. त्यातला एकेक हात दुसऱ्या कार्बनला देत गेलं की साखळी हवी तेवढी लांबते. पुस्तकात याला मालिकाबंधन शक्ती म्हणतात. सिलिकॉनलाही चारच हात आहेत, पण त्याचा स्वतःशी जुळलेला बंध दुबळा आणि ऑक्सिजनशी जुळलेला बळकट. ऑक्सिजन दिसला की तो साखळी सोडून वाळू होतो. कार्बन मात्र स्वतःला धरून राहतो. एक कार्बन म्हणजे मिथेन, जो उणे १६१ अंशांवरच उकळतो. आठ कार्बन म्हणजे पेट्रोलच्या जातीचा द्रव. वीस-तीस झाले की मेण. हजारो झाले की पॉलिथिन. इथपर्यंत सगळा लांबीचा खेळ आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो फारसा रंजक वाटत नाही.

मला आवडतो तो पुढचा भाग, जिथे लांबी तीच राहते आणि तरी पदार्थ बदलतो.

अठरा कार्बनची मेदाम्लं घ्या, म्हणजे मेदाचा रेणू ज्यांपासून बनतो त्या साखळ्या. स्टेअरिक आम्लाच्या साखळीत सगळे एकेरी बंध, शेजारच्या कार्बनला एकच हात दिलेला. ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळतं, मेणबत्तीत घालतात. ओलेइक आम्लातही अठराच कार्बन, फक्त मधोमध, नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये एक दुहेरी बंध, म्हणजे दोघांनी एकमेकांना दोन-दोन हात दिलेले. हायड्रोजन दोन कमी. ऑलिव्ह तेलातला मोठा हिस्सा याच आम्लाचा. द्रवणांक सुमारे १३ अंश. एका बंधापायी पन्नासहून जास्त अंशांची घसरण!

एकेरी बंध म्हणजे एका खिळ्यावर ठोकलेली फळी, ती गोल फिरू शकते. दोन खिळे ठोकले की फळी जागच्या जागी. दुहेरी बंधात हेच होतं. पहिला बंध दोन कार्बनच्या मधल्या रेषेवर असतो. दुसरा मात्र त्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेल्या इलेक्ट्रॉनच्या ढगांनी एकमेकांना कडेने टेकून झालेला असतो. एका कार्बनला पिळायला गेलं तर ढगांचा स्पर्श सुटतो, म्हणजे बंधच मोडतो. हिशेबातही हे दिसतं. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोजूल लागतात आणि दुहेरीला साधारण ६१०, दुप्पट नव्हे. म्हणजे दुसरा बंध पहिल्यापेक्षा कच्चा. असंपृक्त, म्हणजे असे बंध असलेल्या, संयुगांच्या बहुतेक अभिक्रिया या कच्च्या जागीच होतात. पण नेहमीच्या तापमानाला तो फिरू देत नाही, एवढा पक्का नक्कीच आहे.

फिरता येत नाही म्हटल्यावर साखळीची दोन्ही टोकं दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला आहेत की समोरासमोरच्या बाजूंना, हे कायमचं ठरून जातं. एकाच बाजूला असतील तर सिस, विरुद्ध बाजूंना असतील तर ट्रान्स. ट्रान्स जोडणी साखळीच्या नेहमीच्या नागमोडीत बेमालूम बसते, रेणू सरळसोट राहतो. सिस जोडणीत तो कोपरात दुमडलेल्या हातासारखा वाकतो. ओलेइक आम्ल सिस आहे. त्याचाच ट्रान्स भाऊ म्हणजे एलायडिक आम्ल. दोघांतही १८ कार्बन, ३४ हायड्रोजन, २ ऑक्सिजन, बंधही त्याच क्रमाने. एकाही अणूचा फरक नाही. तरी एलायडिक वितळतं सुमारे ४५ अंशांना.

रेणूंना एकत्र धरून ठेवणारं आकर्षण अगदी क्षीण असतं आणि अंतर जरा वाढलं की झपाट्याने संपतं. सरळ रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे अंगाला अंग लावून बसतात, म्हणून त्यांना सुटं करायला उष्णता जास्त लागते. वाकडे रेणू कसेही रचले तरी फटी राहतात. लिनोलेइक आम्लात अशी दोन वाकणं असतात, ते उणे ५ अंशांपर्यंत द्रव राहतं. तेल पातळ का आणि लोणी घट्ट का, याचं निम्म्याहून जास्त उत्तर या वाकण्यात आहे. (उरलेलं लांबीत. पॉलिथिनलाही हा नियम चुकलेला नाही. साखळीला फांद्या फुटल्या तर पातळ, लवचीक पिशवी. सरळ राहिली तर कडक डबा.)

आता मार्गारीनकडे. वनस्पती तेल स्वस्त, पण पातळ. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये यांनी दाखवलं होतं की बारीक निकेलच्या सान्निध्यात असंपृक्त संयुगांची वाफ हायड्रोजन पकडते. द्रव तेलांसाठी हीच युक्ती वापरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलं. दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाका, वाकणं जातील, तेल घट्ट होईल. कागदावर सरळ दिसतं, पण निकेलच्या पृष्ठभागावर गोष्ट वाकड्यात शिरते. तिथे हायड्रोजनचे दोन अणू एकदम येत नाहीत, आधी एक चिकटतो. त्या क्षणी दुहेरी बंध एकेरी झालेला असतो, म्हणजे एक खिळा निघालेला असतो आणि फळी फिरायला मोकळी असते. दुसरा हायड्रोजन वेळेत मिळाला तर साखळी संपृक्त होते, म्हणजे सगळे बंध एकेरी. नाही मिळाला, तर एक हायड्रोजन सुटून जातो आणि दुहेरी बंध परत जुळतो. पण मधल्या वेळात साखळी फिरलेली असू शकते. वाकडी होती ती सरळ होऊन बाहेर पडते, सिसची ट्रान्स झालेली. तापमान जास्त आणि हायड्रोजन अपुरा असला की हे जास्त होतं.

म्हणून ट्रान्स मेद होतो तो काम अर्धवट सोडल्यामुळे. पूर्ण हायड्रोजन भरलेल्या तेलात दुहेरी बंधच नसतो, मग ट्रान्स कुठून येणार? आणि निरोपाला एवढं श्रेय द्यायलाच हवं, की भीतीचं कारण चुकलं तरी जुन्या मार्गारीनची भीती पूर्णपणे चुकीची नव्हती. ट्रान्स मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कारखान्यात तयार होणारा ट्रान्स मेद जगभर बंद करण्याचं आवाहन केलं. थोडा ट्रान्स मेद दुधातही असतो, कारण रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातले जीवाणू हाच उद्योग निकेलशिवाय करतात.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ म्हणणाऱ्यांना हे आवडत नाही. वेष्टनावर ‘केमिकल-फ्री’ छापणाऱ्यांना तर काहीच आवडत नसावं, कारण त्या वेष्टनात मग निर्वात पोकळीच विकावी लागेल. सजीवांच्या पदार्थांत खास जीवनशक्ती असते, असं एकेकाळी रसायनशास्त्रज्ञही मानत. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश वोलर यांनी निर्जीव क्षारांपासून युरिया तयार केला आणि त्या समजाला पहिला मोठा तडा गेला. शरीरात तयार झालेला युरिया आणि खताच्या गोणीतला युरिया यांत रेणूच्या पातळीवर कसलाही फरक नाही. तसं पाहिलं तर रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुग. त्या अर्थाने पेट्रोल शंभर टक्के सेंद्रिय आहे आणि पॉलिथिनची पिशवीसुद्धा.

सिस आणि ट्रान्स यांचं माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण मात्र दातांच्या डॉक्टरकडे भेटतं. रूट कॅनाल करताना पोकळी बुजवायला ज्या बारीक कांड्या वापरतात, त्या गटापर्चाच्या. गटापर्चा हा झाडाचा चीक, रबरही झाडाचाच चीक. दोन्हींत आयसोप्रीन नावाची पाच कार्बनची कडी हजारो वेळा जोडलेली. रबरात प्रत्येक दुहेरी बंध सिस, त्यामुळे साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, गुंतवळ होऊन पडतात; ओढलं की लांबतात, सोडलं की पुन्हा गुंततात. गटापर्चात प्रत्येक बंध ट्रान्स, म्हणून तो कडक, ताणला न जाणारा आणि गरम केल्यावर मऊ होणारा. १८५१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकली, तिच्यावर याच गटापर्चाचं आवरण होतं. रबराचा फुगा होतो, गटापर्चाचा होत नाही.

दोन खिळ्यांनी ठोकलेली फळी निकेल आणि उष्णतेखेरीज आणखी एका गोष्टीने फिरते, ती म्हणजे प्रकाश. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत रेटिनल नावाचा वीस कार्बनचा रेणू असतो, जीवनसत्त्व ‘अ’पासून झालेला, अकराव्या कार्बनपाशी वाकलेला. प्रकाशाचा एक कण त्यावर आदळला की तिथला दुसरा बंध क्षणभर सुटतो आणि रेणू सरळ होतो. एका सेकंदाचे पाच लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागात हे उरकतं. सरळ झालेला रेणू भोवतीच्या प्रथिनाला ढकलतो आणि मेंदूकडे संदेश निघतो. पुढचा प्रकाशकण टिपायला मात्र तो रेणू परत वाकवून जागेवर बसवावा लागतो, आणि वाकवायचं काम सरळ करण्याइतकं झटपट होत नाही. भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर आपण बराच वेळ चाचपडतो, त्यात या वाकवण्याला लागणाऱ्या वेळेचा मोठा वाटा असतो.