मारियान चिशोव्स्की

मारियान चिशोव्स्की (२ नोव्हेंबर १९७९ – २८ जून २०२०) हा स्लोव्हाकियाचा फुटबॉलपटू. मधल्या बचावफळीत खेळणारा हा खेळाडू कारकिर्दीच्या ऐन भरात असताना एएलएस या मज्जासंस्थेच्या असाध्य आजाराने मैदानाबाहेर गेला आणि चाळिसाव्या वर्षी वारला.

त्याचा जन्म पूर्व स्लोव्हाकियातील हुमेने या गावचा. कृत्रिम धाग्यांच्या कारखान्याचे नाव मिरवणाऱ्या इथल्या क्लबने १९९६ मध्ये देशाचा चषक जिंकला होता. २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी स्लोव्हाकियाच्या संघात मारियानची निवड झाली. पुढे इंटर ब्राटिस्लाव्हा, आर्टमीडिया पेत्रझाल्का आणि रुमानियातील तिमिशोआरा असा त्याचा प्रवास झाला. २०११ मध्ये तिमिशोआरा लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहूनही परवाना नाकारला गेल्याने खालच्या श्रेणीत ढकलला गेला. मारियान चेक प्रजासत्ताकातील व्हिक्टोरिया प्लझेनकडे गेला आणि तिथेच त्याचे सर्वोत्तम दिवस आले.

त्याच मोसमात प्लझेन युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचला, तेही प्रथमच. गटात बार्सिलोना आणि मिलान! १ नोव्हेंबर २०११ रोजी बार्सिलोनाविरुद्धच्या प्रागमधल्या सामन्यात पहिल्या अर्ध्या तासातच मारियानने गोलक्षेत्रात मेस्सीला पाडले. पंचांनी लाल कार्ड दाखवले, पेनल्टीवर मेस्सीने गोल केला. तो त्याचा बार्सिलोनासाठीचा दोनशेवा गोल. दुसऱ्या दिवशी मारियानचा बत्तिसावा वाढदिवस होता. प्लझेन ०–४ ने हरला, पण गटात तिसरा येऊन युरोपा लीग या दुय्यम स्पर्धेत गेला. या एका लाल कार्डावरून त्याला जोखणे अन्यायाचे ठरेल. २०१३ मध्ये प्लझेन पुन्हा चेक विजेता झाला तेव्हा तो त्याच संघात होता.

२०१४ मध्ये एएलएसचे निदान झाले. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. आधी हातापायांतली ताकद जाते, मग बोलणे आणि गिळणे अवघड होते, शेवटी श्वासही. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते, म्हणजे आपले काय चालले आहे ते रुग्णाला कळत असते. क्षणार्धात वळून चेंडू अडवण्यावर ज्याचे पोट चालले, त्याच्या वाट्याला हे यावे, हे वाचतानाही घशात अडकते. रिल्युझोल हे औषध आजाराची गती थोडी मंदावते, बरे करत नाही. क्लबने त्याला वाऱ्यावर सोडले नाही, आणि चाहत्यांनीही उपचारांसाठी पैसे उभे केले.

फुटबॉल आणि एएलएस यांचा संबंध आहे का, हा प्रश्न जुना आहे. १९७० ते २००१ या काळातील ७,३२५ इटालियन व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासात जेमतेम एक रुग्ण अपेक्षित असताना पाच सापडले. कारण अजून ठरलेले नाही. इटलीचा स्टेफानो बोर्गोनोव्हो, पोलंडचा क्रिश्तॉफ नोवाक आणि नेदरलँड्सचा फर्नांडो रिक्सन हेही याच आजाराने गेले.