डायनोसॉरच्या जीवाश्मांतील अस्थिरोगाच्या खुणा

प्राणी जिवंत असताना झालेली हाडाची मोड (फ्रॅक्चर), जंतुसंसर्ग, संधिवात किंवा गाठ यांच्या खुणा जीवाश्म हाडात टिकून राहतात. त्यांचा अभ्यास पुरारोगविज्ञानात होतो. मांस, रक्त, पू यांतले काहीच उरत नाही. उरते ते रोगाला हाडाने दिलेले उत्तर. म्हणून पहिली कसोटी अशी: तिथे नवे हाड वाढले आहे का, किंवा जुने झिजले आहे का? मोडीच्या कडा गोलसर झाल्या असतील, तर प्राणी मोडीनंतर जगला. कडा धारदार असतील, तर मोड मृत्यूच्या सुमाराची किंवा त्यानंतरची. किड्यांनी पोखरलेली भोके, मातीच्या दाबाने पडलेल्या भेगा आणि लोह-मँगनीजची पुटे हुबेहूब रोगासारखी दिसतात. अभ्यासकाची फसगत सर्वांत जास्त इथेच होते.

जंतुसंसर्ग झालेले हाड फुगते, त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आत पोकळ्या पडतात. मात्र माणसाच्या एक्स-रेवरून शिकलेली लक्षणे डायनोसॉरला जशीच्या तशी लावू नयेत. पक्षी आणि सरीसृप यांचा पू पातळ नसतो, तर पनीरासारखा घट्ट असतो. त्यामुळे संसर्ग बहुधा एका जागी कोंडून राहतो. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ‘सू’ या टायरॅनोसॉरसच्या डाव्या पायातील बारीक हाडावर अशी जाड सूज आहे. ‘सू’च्या जबड्यातील भोके पूर्वी चाव्याची मानली जात. २००९ मध्ये त्यांचा संबंध आजच्या पक्ष्यांना होणाऱ्या ट्रायकोमोनास या परजीवीच्या रोगाशी जोडण्यात आला. हे मत सर्वांना मान्य नाही.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९८९ मध्ये सापडलेले सेंट्रोसॉरस या शिंगवाल्या, वनस्पती खाणाऱ्या डायनोसॉरचे पायाचे हाड या विषयातला सर्वांत बोलका नमुना आहे. त्याचा वेडावाकडा शेवट मोड सांधून आलेल्या गाठीमुळे झाला, असे तीस वर्षे समजले जात होते. २०२० मध्ये त्याचे सीटी स्कॅन झाले, पातळ काप काढले गेले आणि त्याच प्राण्याच्या निरोगी हाडाशी व माणसाच्या कर्करोगग्रस्त हाडाशी त्याची तुलना झाली. तेव्हा तो ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग ठरला. मोडीची गाठ मोडीच्या रेषेभोवती बसते. हा रोग मात्र हाडाची कवची खात आत-बाहेर पसरला होता. हाड कळपाच्या एका मोठ्या अस्थिसंचयात मिळाले. त्यामुळे प्राणी कर्करोगाने नव्हे, तर कळपाबरोबर पुरात मेला असावा.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी दुसऱ्या बाजूचे तेच हाड समोर ठेवून दोन्हींची मापे घ्यावीत. कापण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो आणि साचा घ्यावा, कारण कापलेला भाग परत मिळत नाही. नंतर सीटी. रुग्णालयातील यंत्राचे किरण लोहयुक्त, जाड हाडातून पुरेसे पार जात नाहीत, पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांना पोकळी समजले जाते. शेवटी इपॉक्सी राळेत बसवून काप काढावा. राळेत हवा राहिली तर घासताना काप फुटतो. म्हणून ती निर्वातात भरावी. काप साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाडीपर्यंत घासावा. ध्रुवीकृत प्रकाशात घाईने वाढलेले विस्कळीत हाड आणि शांतपणे वाढलेले पदरदार हाड वेगळे दिसतात.

गोव्यात डायनोसॉरची हाडे मिळण्याजोगा खडक नाही. बहुतांश पाया अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना आहे. सत्तरीकडच्या बेसाल्टच्या लाव्हात हाडे टिकत नाहीत. चिऱ्याच्या खाणीतील जांभ्याची छिद्रे हाडाच्या जाळीसारखी वाटतात. पण ती वेडीवाकडी, लोहाच्या पुटाची असतात, हाडाच्या जाळीची ठरावीक दिशा त्यांना नसते. महाराष्ट्रात पाहायचे, तर चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या लामेटा थरांत, म्हणजे डायनोसॉरच्या काळातील गाळाच्या खडकांत, टायटनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत.

डोळा तयार करायला मात्र गोव्याचा मासळी बाजार पुरतो. मोठ्या वाकटीच्या डोक्याच्या मागच्या भागात आणि कण्याच्या काही काट्यांवर गुळगुळीत, कडक गोळे असतात. मासा उकळून मांस सोडवले, की गोळा काट्यासकट हाती येतो. पहिल्या नजरेला तो ट्यूमर वाटतो. अनेक वाकट्यांत त्याच ठरावीक हाडांवर तो दिसतो आणि मासा धडधाकट असतो. म्हणून बहुतेक अभ्यासक त्याला रोग न म्हणता त्या जातीची वाढ मानतात. डायनोसॉरच्या एकुलत्या एका हाडावर असा गोळा दिसला, तर त्याच जातीची आणखी हाडे पाहिल्याशिवाय त्याला रोगाचे नाव देऊ नये.