सणाच्या उरलेल्या गोडाची साठवण

दिवाळी, संक्रांत, नाताळ यांसारख्या सणांनंतर उरलेला फराळ, मिठाई, चॉकलेटे व गोळ्या न बिघडता टिकवण्याची घरगुती रीत. कोरड्या डब्यात ठेवणे, फ्रीजमध्ये ठेवणे आणि गोठवणे हे तिचे तीन मार्ग. कोणता पदार्थ कोणत्या मार्गाने जावा हे तो किती गोड आहे यावर नाही, त्यात पाणी किती आहे यावर ठरते. करंजीच पाहा. पारी तीच, तळण तेच. पण सारण सुक्या खोबऱ्याचे असेल तर ती डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहते आणि ओल्या नारळाचे असेल तर दोन-तीन दिवसांत आंबूस वास येऊ लागतो.

जंतू व बुरशी यांना वाढायला पदार्थातले मोकळे पाणी लागते. साखर व गूळ हे पाणी धरून ठेवतात, म्हणून गोड पदार्थ टिकतो. अन्नशास्त्रात हे मोकळे पाणी ० ते १ अशा मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचे माप १. बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वर पाणी हवे असते, बुरशा त्याहून कोरड्यात तग धरतात आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. तुपात भाजलेल्या बेसनाचा लाडू, शंकरपाळे, काटेरी हलवा हे कोरड्या टोकाला. खव्याचे पेढे, बर्फी मधे. रसगुल्ला, रसमलाई पार ओल्या टोकाला. डब्यात ओला चमचा घालू नये हा घरोघरचा दंडक याच कारणाने आहे. बाकी सगळा लाडू कोरडा असला तरी जिथे थेंब पडला तिथे बुरशी धरतेच.

बुरशी हा बिघाडाचा एकच प्रकार झाला. कोरडा फराळ बहुधा आधी सादळतो, म्हणजे हवेतली ओल शोषून मऊ पडतो. कोकणात हे दोन दिवसांत होते, विदर्भाच्या कोरड्या हवेत वेळ लागतो. तळलेले व सुक्यामेव्याचे पदार्थ त्यानंतर खवट होतात. यात तेला-तुपाचा हवेशी संयोग होतो, आणि उजेड व उष्णता त्याला हातभार लावतात. सादळलेली चकली मंद आचेवर पुन्हा कुरकुरीत करता येते, खवट झालेल्या चिवड्याला मात्र उपाय नाही. तिळात खवटपणा रोखणारी द्रव्ये निसर्गतः असतात, त्यामुळे तिळाच्या लाडवाला वास लवकर येत नाही. तो सादळून चिकट होतो, पण तो दोष गुळाचा.

एकाच डब्यात सगळे भरणे ही हमखास होणारी चूक. ओल जास्त असलेल्या पदार्थाकडून कमी असलेल्याकडे जात राहते, ती दोन्हींकडे सारखी होईपर्यंत. पाकातल्या रव्याच्या लाडवांशेजारी ठेवलेली चकली म्हणूनच दुसऱ्या दिवशी वाकते. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणाला मुलांनी घरोघर फिरून गोळा केलेल्या खाऊच्या पिशवीतही हेच घडते: जेली व मऊ कॅरॅमल यांच्यातली ओल कडक गोळ्यांना लागते. कडक गोळी ही खरे तर साखरेची काच असते. तिच्यात पाणी इतके थोडे असते की वरचे वेष्टन सैल झाले की ती पाघळू लागते आणि कागद सोलता सोलत नाही.

फ्रीज हे सर्वांवरचे औषध नाही. तिथले तापमान साधारण ४ अंश सेल्सियस असते, आणि शिजवलेल्या पिठातला स्टार्च याच सुमाराला सर्वांत झपाट्याने ताठर होतो. उकडीचे मोदक फ्रीजमध्ये रात्रभरात दडदडीत होतात, पारीला तडे जातात. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ही क्रिया जवळपास थांबते. परदेशातल्या भारतीय दुकानांत पुरणपोळी व मोदक गोठवलेले मिळतात त्याचे एक कारण हे. बेसनाच्या लाडवांना फ्रीजची गरजच नसते. उलट तूप वास फार लवकर धरते. झाकण नीट न लावलेल्या डब्यातल्या लाडवाला शेजारच्या वाटीतल्या लसणीच्या चटणीचा वास लागला, तर तो वेलदोड्यानेही जात नाही.

गोठवण्यास योग्य म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, काजू कतली, पाकाशिवाय ठेवलेले गुलाबजाम आणि सुक्यामेव्याचे पदार्थ. एका वेळी लागतील तेवढेच नग बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात किंवा हवा काढलेल्या पिशवीत घालावेत, वर तारीख लिहावी. एकदा सुटलेले पुन्हा गोठवू नये. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, थबकतात एवढेच; त्यामुळे चार दिवस बाहेर राहिलेली बर्फी फ्रीजरमध्ये टाकून काही साधत नाही. बाहेर काढतानाची चूक जास्त नडते. गार डबा स्वयंपाकघरातल्या दमट हवेत लगेच उघडला की पेढ्यांवर दव धरते आणि वरची पिठीसाखर विरघळून पृष्ठभाग चिकट होतो. डबा आधी रात्रभर फ्रीजमध्ये उतरवावा, मग ओट्यावर ठेवावा आणि बाहेरच्या अंगाचे दव सुकल्यावरच झाकण काढावे.

चॉकलेटला ही शिस्त सर्वांत जास्त लागते. त्याला १५ ते १८ अंशांची कोरडी जागा मानवते, आणि ती महाराष्ट्रातल्या घरात थंडीचे काही दिवस सोडले तर मिळत नाही. ठेवलेल्या चॉकलेटवर पांढरट थर दिसतो, त्याला बुरशी समजून पुष्कळ चॉकलेट विनाकारण कचऱ्यात जाते. हा थर दोन कारणांनी येतो. पहिला थर स्निग्धांशाचा: चॉकलेटमधला स्निग्धांश म्हणजे कोको बटर, आणि ते सहा वेगवेगळ्या रूपांत गोठू शकते. चकाकी व ‘कट्’ असा आवाज देणारे पाचवे रूप साधारण ३४ अंशांना वितळते. उन्हाळ्यात चॉकलेट मऊ पडून पुन्हा घट्ट झाले की स्निग्धांश वर येऊन भलत्याच रूपात गोठतो. दुसरा थर साखरेचा: दव पडले, साखर विरघळली, पाणी उडाले, कण वर राहिले. बोट फिरवून फरक कळतो. स्निग्ध थर बोटाच्या उबेने पुसला जातो, साखरेचा खरखरीत लागतो. दोन्ही प्रकारचे चॉकलेट खाण्यास निर्धोक असते, फक्त तोंडात पूर्वीसारखे विरघळत नाही. त्याचे दूध-कोको करावे किंवा केकमध्ये घालावे.

दुकानातल्या सुट्या मिठाईबाबत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख ट्रेवर लिहिणे बंधनकारक केले. प्राधिकरणाच्या मार्गदर्शक यादीत कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाई दोन दिवसांत, खव्याची मिठाई चार दिवसांत, काजू कतली सात दिवसांत संपवावी असे आहे. बेसनाच्या लाडवाला ३० दिवस दिले आहेत. भेट आलेला खोका घरी पोचेपर्यंत यातले किती दिवस सरले, हे मात्र खोक्यावरून कळत नाही.

गोव्यात नाताळला होणारे पेराद हे पेरूच्या गराचे असूनही आटवून आटवून साखरेत इतके कोरडे केलेले असते की ते कित्येक आठवडे बाहेर राहते. पाडव्याच्या साखरेच्या गाठी उन्हाळाभर पाण्याबरोबर खाल्ल्या जातात. पावसाळ्यापर्यंत उरल्याच तर बरणीचे झाकण घट्ट हवे, नाहीतर त्यांचा एकच गोळा होतो.

अनारशांचा प्रश्न जुन्या स्वयंपाकघराने वेगळ्याच रीतीने सोडवला आहे. दिवाळीला भिजवलेल्या तांदळाचे पीठ गुळात मळून केलेले गोळे सगळे तळून टाकत नाहीत. उरलेले बरणीत दाबून भरतात आणि ते महिनोन्महिने टिकतात. पुढे अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचे झाले की बरणी उघडायची. पीठ फार सुकले असेल तर थोडे दूध किंवा केळे घालून मळतात, खसखशीवर थापतात आणि खसखस लागलेली बाजू वर ठेवून तुपात सोडतात.