अर्धे झालेले व्यक्तिचित्र पाहणाऱ्यांसाठी

आमच्या साताऱ्यातील स्टुडिओत व्यक्तिचित्र करून घेण्यासाठी येणाऱ्या मंडळींना तैलरंगातील काम म्हणजे फोटोची मोठी प्रत नव्हे, याची सहसा कल्पना असते. तरीही दुसऱ्या बैठकीनंतर जवळजवळ प्रत्येक घरातून एकच प्रश्न येतो : ‘चेहरा अजून त्यांच्यासारखा का दिसत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर दर वेळी फोनवर घाईत देण्यापेक्षा ते एकदा सविस्तर लिहून द्यावे, म्हणून हे माहितीपत्रक.

मी कॅनव्हासवर चौकटी आखून आधी पेन्सिलीने चेहरा उतरवून घेत नाही. पहिल्या बैठकीतील पंधरा-वीस मिनिटे समोरच्या व्यक्तीशी नुसत्या गप्पा होतात. त्या वेळी मान कोणत्या बाजूला कलते, बोलताना कोणती भुवई आधी वर जाते, हात मांडीवर स्वस्थ राहतात की काठीची मूठ चाचपत असतात, हे मी पाहून घेतो. मग डोळे किलकिले करून पाहतो, म्हणजे बारकावे नाहीसे होऊन उजेड आणि सावली यांचे मोठे आकार तेवढे उरतात, आणि ते आकार रुंद ब्रशने पातळ अंबर (मातकट तपकिरी) रंगात मांडतो. सुरुवात कुठून करायची हे ठरलेले नसते. कधी कपाळावरचा उजेड आधी येतो, कधी पदराची सावली. पहिल्या फटकाऱ्याशेजारी दुसरा कोणता हवा, हे पहिला पाहिल्यावरच उमगते.

ही पद्धत अंतःप्रेरणेची आहे, मनाला येईल तसे रंग लावण्याची नाही. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर बसून मी वर्षानुवर्षे प्रवाशांची स्केचेस केली आहेत. गाडी लागली की माणूस उठून जातो, त्यामुळे मिळालेल्या दोन मिनिटांत काय टिपायचे आणि काय सोडायचे याचे वळण हाताला लागले. आज विचार पुरा होण्याआधी ब्रश योग्य जागी जातो, तो त्या वळणामुळे.

आता त्या एका चुकीविषयी, जिच्यापायी आमचा आणि आपला सर्वांत जास्त वेळ जातो. बैठक संपल्यावर घरातील कोणीतरी ओल्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढतात, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि रात्रीपर्यंत सूचना येऊ लागतात. एका एकसष्टीच्या चित्राच्या वेळी ‘गाल हिरवट दिसतो’ असा निरोप आला. तो हिरवट थर मी जाणूनबुजून दिला होता. त्वचेच्या उजेड आणि सावली यांच्यामधल्या छटेत थंड रंग असतो, आणि त्यावर पुढच्या बैठकीत तांबूस व पिवळसर रंग बसले की तोच थर जिवंत कातडीसारखा दिसू लागतो. युरोपातील जुने चित्रकार तर चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा रंग मुद्दाम देत असत. परंतु कुटुंबाच्या आग्रहाखातर मी तो गाल पॅलेट नाइफने खरवडला. गाल बदलल्यावर नाकाची सावली जड वाटू लागली, ती हलकी केल्यावर कान पुढे आला, शेवटी पार्श्वभूमीही पुन्हा रंगवावी लागली. तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. त्यांतील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, त्यामुळे प्रत्येक फेरबदलामागे काही दिवस थांबावेच लागते. ते चित्र समारंभ उलटून गेल्यावर घरी पोचले, याची रुखरुख मला अजून आहे.

साम्य हे एकट्या डोळ्यात किंवा नाकात नसते. ते अवयवांमधील अंतरांत, मानेच्या कलात आणि ओठांच्या कोपऱ्यात असते, आणि माझ्या पद्धतीत या गोष्टी शेवटच्या बैठकीतच पक्क्या होतात. म्हणून आमची विनंती अशी आहे की अर्धे चित्र पाहावे, पण त्याचा फोटो काढू नये. शेवटच्या थराआधी आम्ही स्वतःहून आपल्याला बोलावतो. त्या वेळी चष्म्याची दांडी, टोपीचा कल, साडीचे काठ, राहून गेलेला तीळ, असे जे सांगाल ते वेगळे पैसे न घेता बदलून देतो. चित्रातील व्यक्तीला स्वतःचाच चेहरा परका वाटला तर घाबरू नये; माणूस स्वतःला रोज आरशात, म्हणजे उलट पाहत असतो. अशा वेळी आम्ही चित्रासमोर आरसा धरतो आणि बहुतेकांची शंका तिथेच फिटते.

ज्यांना तैलचित्र कसे पाहावे असा प्रश्न पडतो, त्यांना मी सातारा जिल्ह्यातील औंधला जाऊन यायला आग्रहाने सांगतो. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या तेथील श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत. मूळ चित्राजवळ जाऊन पाहावे, मग चार पावले मागे यावे. जवळून नुसते रंग वाटणारे ठिपके दुरून डोळ्यातील ओलावा होतात, ही गोष्ट छापील प्रतीत कळत नाही.

दिवंगत व्यक्तीचे चित्र हवे असल्यास स्टुडिओत रिटच केलेला एकच फोटो न आणता वेगवेगळ्या वयांतील चार-पाच फोटो आणावेत. हातभर अंतरावरून मोबाईलने काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते आणि कान मागे जातात, तर समोरून पडलेल्या फ्लॅशमुळे चेहऱ्याचे उंचसखल भाग सपाट होतात. त्यापेक्षा खिडकीच्या उजेडातील जुना, थोडा पुसट फोटो अधिक उपयोगी पडतो. शक्य असल्यास त्यांच्यासोबत राहिलेल्या एकाने तासभर बसून त्यांच्याविषयी बोलावे. त्या तासाचे पैसे आम्ही घेत नाही.

चार बैठका आणि वाळण्याचा काळ धरून चित्राला साधारण सात आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. एकसष्टी किंवा सहस्रचंद्रदर्शनाची तारीख ठरली की तीन महिने आधी कळवावे. चित्र घरी नेल्यावर सहा महिन्यांनी ते पुन्हा स्टुडिओत आणावे. तोवर रंग आतपर्यंत वाळलेला असतो, आणि शेवटचे वार्निश आम्ही विनामूल्य देतो.