मक्याचा ढीग आणि कोटीपोटातलं जनुक

निफाडजवळ आमच्या आत्याच्या गोठ्यातली गाय एका रात्री दाव्यातून सुटली आणि खळ्यावरच्या मक्याच्या ढिगावर तुटून पडली. सकाळी ती मान टाकून बसलेली, रवंथ बंद. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबली की आत पाणी डचमळायचं. डॉक्टर वेळेत पोचले म्हणून वाचली. पण भरड्यातून रोज मका खाणाऱ्या गाईला तोच मका एका रात्रीत कसा बाधला?

मक्याच्या दाण्यात सुमारे 70 टक्के स्टार्च. बाजरीची भाकरी चावत राहिलं की गोड लागते, कारण आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्च तोडून साखर करतं. गाईच्या लाळेत ते नसतं. कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, हे काम जिवाणू करतात. विशेष म्हणजे आपलं अमायलेज आणि या जिवाणूंची बहुतेक अमायलेजं एकाच कुळातली, विकरांच्या वर्गीकरणातल्या 13 क्रमांकाच्या. स्टार्चची साखळी जिथे कापली जाते त्या खाचेत दोन्हीकडे तीच तीन अमिनो आम्लं बसलेली असतात. मला हे आजही थक्क करतं.

स्टार्चचा कण जिवाणूच्या पेशीत मावत नाही. म्हणून अमायलेज बनवणाऱ्या अनेक जनुकांच्या सुरुवातीलाच एक पत्ता लिहिलेला असतो: हे विकर पेशीबाहेर पाठवा. जनुक सतत चालूही नसतं. स्टार्च तुटून माल्टोज ही साखर मिळू लागली की अनेक जिवाणूंत ते जोरात चालतं. आयतं ग्लुकोज भरपूर असलं की मंदावतं. 2018 मध्ये हंगेट 1000 प्रकल्पाने कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांचे 501 जनुकसंच मांडले, त्यामुळे कोणाकडे कोणती विकरं आहेत हे शोधणं सोपं झालं.

आता तो ढीग. स्टार्चचा पूर आला की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. साखर पेशीत तुंबली की त्याचं लॅक्टिक आम्ल बनवणारं विकर चेकाळतं. एरवी 6 ते 7 असणारा कोटीपोटाचा सामू (pH; जितका कमी तितकं आंबट) 5 च्या खाली जातो, चारा पचवणारे जिवाणू मरतात. साठलेलं आम्ल रक्तातलं पाणी कोटीपोटात ओढून घेतं. भकाळीत डचमळत होतं ते हेच पाणी.

लॅक्टिक आम्ल खाणारा मेगास्फेरा एल्सडेनी हा जिवाणूही तिथे असतो, पण त्याची संख्या वाढायला दिवस लागतात. आत्या आता आधी कडबा टाकते, मग भरडा; आणि वाढवायचा झाला तर दोन-तीन आठवडे घेऊन, मुठीमुठीने.