ह्यूमन डेव्हलपमेंट म्हणजे 'बालवाडीच्या बाईंचा कोर्स'? नाही हो!

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हेच ऐकू येतं, ह्यूमन डेव्हलपमेंट म्हणजे होम सायन्सच ना, स्वयंपाक-शिवण शिकायचं आणि फार तर बालवाडीत नोकरी. हे चुकीचंय आणि यामुळे चांगल्या मुली (आणि मुलं पण, विषय त्यांच्यासाठीही आहेच की) या विषयाकडे वळतच नाहीत.

यात माणूस गर्भापासून म्हातारपणापर्यंत कसा घडतो ते शिकवतात. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने सांगितलेल्या माणसाच्या वाढीच्या ८ टप्प्यांतला शेवटचा तर वृद्धापकाळाचाच आहे, मग फक्त बालवाडी कुठून आली? मुलं विचार करायला कशी शिकतात ते मांडणारे पियाजे, व्हायगॉट्स्की असतात, मुलांचं निरीक्षण करून नोंदी ठेवायच्या असतात, आणि काउन्सेलिंगमध्ये आधी शिकतो ते नीट ऐकून घेणं, सल्ला देणं नाही. बरं, बालवाडीचं कामही हलकं नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालशिक्षणाचं काय काम उभं केलं ते आठवा.

पण उलटा गैरसमजही तितकाच पसरलाय, की डिग्री मिळाली की लगेच क्लिनिक टाकायचं. असं नाही होत! क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) म्हणून काम करायला पुढचं शिक्षण आणि १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, नुसत्या बीए-बीएस्सीवर ते नाही चालत.