सॉलिड कार्बाइड की हायस्पीड? धारेला देण्याआधी ओळखून घ्या

जिनिंगचा सीझन जवळ आला की आमच्याकडे धारेसाठी पिशव्या भरभरून टूल येतात. ड्रिल, एंडमिल, रीमर, भंगारातून किलोवर घेतलेलं, सगळं एकत्र. भाऊ, हायस्पीड स्टीलचं अन् कार्बाइडचं वेगळं करून आणा. हायस्पीड स्टीलला पांढरा दगड चालतो, कार्बाइडला हिरवा दगड नाहीतर डायमंड व्हील लागतं. पांढऱ्यावर कार्बाइड धरलं तर दगडच झिजतो, अन् डायमंडवर स्टील धरलं तर महागाचं व्हील बुजतं.

बहुतेक जण चुंबक लावून मोकळे होतात, अन् तिथंच फसतात. टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टने बांधलेली असते आणि कोबाल्ट चुंबकाकडे ओढला जातो. बटणाएवढं जोरदार चुंबक तर कार्बाइडलाही धरून ठेवतं. त्यापेक्षा जुन्या स्पीकरचं चुंबक घ्या. हायस्पीड खटकन बसतं, कार्बाइडची ओढ कमजोर असते.

आमचा भरवसा वजनावर. १० मिमी जाड, १०० मिमी लांब सरळ गोल दांडी हायस्पीडची असेल तर साधारण ६४ ग्रॅम भरते, कार्बाइडची ११०च्या पुढे. वाकडंतिकडं टूल असेल तर आधी कोरडं वजन करा. मग पाण्याचा ग्लास सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर ठेवून शून्य करा. टूल दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. ८ च्या आसपास आलं तर हायस्पीड, १४-१५ आलं तर कार्बाइड.

सोनेरी रंगावर जाऊ नका, तो मुलामा दोघांवरही असतो. ‘कोबाल्ट’ लिहिलेला एम ३५ ड्रिलसुद्धा स्टीलच, त्यात ५ टक्के कोबाल्ट एवढंच. एका गिऱ्हाइकाने तो कार्बाइडच्या भावात घेतला होता. आम्ही काट्यावर ठेवला, तेव्हा त्याचं तोंड बघवेना. टिपेखाली पितळी रेघ दिसली तर शँक (मागचा दांडा) स्टीलचा आणि फक्त टिप कार्बाइडची, असं समजा.

ठिणगी पाहायची असेल तर आमच्याकडे या. हायस्पीडची लालसर अन् तुटक उडते, कार्बाइडची जवळपास नाहीच. घरच्या ग्राइंडरवर कार्बाइड घासू नका, कोबाल्टची धूळ फुप्फुसाला वाईट. अन् तापलेलं कार्बाइड पाण्यात बुडवलं तर तडकतं.

आणताना एकेक नग कागदात गुंडाळा. रोटाव्हेटरच्या पात्यांसोबत एकाच पिशवीत टाकलं, तर आमच्यापर्यंत येईस्तोवर धारेचा कोपरा उडालेला असतो.